शोक करावा की न करावा?

श्रीमद्भगवद्गीतेचे नित्य पठण करणाऱ्या गृहस्थापुढे एक प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात भगवंतांनी सांगितले आहे की, जे खरे ज्ञाते असतात ते गेलेल्यांचाही शोक करीत नाहीत आणि मागे उरलेल्यांचाही करीत नाहीत. मग आपल्या गावात, आपल्या नित्याच्या वाटेवर, एखाद्या निरपराध जीवाची हत्या झाली आणि आपले अंतःकरण विदीर्ण झाले, तर तो आपल्या अज्ञानाचा दोष समजावा काय? हा प्रश्न ग्रंथांतून माझ्यापुढे आला असता, तर भाष्यांच्या आधारे मी त्याचे उत्तर सहज दिले असते. परंतु तो मला एका फुले विकणाऱ्या वृद्धेने विचारला, आणि तेथे माझे शास्त्र अपुरे पडले. तो वृत्तांत आणि त्यावरून केलेला विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

माझे वास्तव्य गेली अठरा वर्षे चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या तांबरम येथे आहे. संस्कृत ग्रंथ मराठीत उतरविणे हा माझा व्यवसाय. महाराष्ट्रापासून इतक्या दूर राहूनही हे गाव मला कधी परके वाटले नाही. १९३१ साली मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यापासून तांबरमपर्यंत विजेची आगगाडी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव त्या गाडीच्या आधारानेच वाढत आले आहे. लोहमार्गाच्या पूर्वेस एक वस्ती, पश्चिमेस दुसरी. क्षयरोग्यांसाठी १९२८ मध्ये उभारलेले आरोग्यधाम येथलेच, आणि १९३७ पासून येथे असलेल्या ख्रिश्चन कॉलेजाच्या विस्तीर्ण वनराईची सावलीही येथलीच. पहाटे चुन्याची रांगोळी घातलेली अंगणे, स्थानकाबाहेर इडलीच्या वाफा, गाडी पकडण्यासाठी धावणाऱ्या विद्यार्थिनींच्या वेणीतील मोगरा, हे सर्व पाहता पाहता मी प्रौढ झालो. ज्या स्थळी आपण उपजीविका केली आणि मुले वाढविली, त्या स्थळावर प्रेम जडणे हा मनुष्यधर्मच होय.

याच स्थानकाच्या परिसरात दिनांक २३ सप्टेंबर २०२१ रोजी, भरदिवसा, एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला तिच्या परिचयाच्या एका तरुणाने चाकूने भोसकून ठार केले आणि नंतर स्वतःच्याही गळ्यावर शस्त्र चालविले. तो वाचला, ती गेली. महामारीच्या दीर्घ बंदीनंतर महाविद्यालये त्याच महिन्यात पुन्हा उघडली होती. मुली पुन्हा घराबाहेर पडू लागल्या म्हणून ज्या घरांत आनंद होता, त्याच घरांत त्या संध्याकाळी भय शिरले.

स्थानकाजवळ एक वृद्धा फुले विकते. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजून ती गजरा तोडून देते, आणि मापापेक्षा चार कळ्या अधिकच देते. पूजेची फुले मी तिच्याकडूनच घेतो. प्रसंगाच्या तिसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा फुले तशीच पडून होती आणि ती डोळ्यांना पदर लावून बसली होती. मी तिला समजावू लागलो, "अम्मा, रडू नका. आत्मा शस्त्राने तुटत नाही. गेले ते केवळ शरीर." तिने माझ्याकडे पाहिले आणि आपल्या तमिळमध्ये म्हणाली, "सामी, आत्मा तुटत नसेल. पण त्या दिवशी सकाळी कुणा आईने तिची वेणी घातली असेल. ती वेणी काय आत्म्याची होती? तुम्ही शिकलेले आहात. मला एवढेच सांगा, मी रडले हे चुकले काय?"

मला उत्तर सुचले नाही. फुले न घेताच मी घरी परतलो.

घरी आल्यावर मी तोच अकरावा श्लोक पुन्हा उघडला. बालपणी गुरुजींनी तो पाठ करून घेतला होता. पुढे त्याचा अनुवादही मी केला होता. आचार्य शंकरांनी आपल्या गीताभाष्यात श्लोकशः विवरणाचा आरंभ याच श्लोकापासून केला आहे, इतके त्याचे महत्त्व. परंतु त्या दिवशी त्यातील एक गोष्ट मला प्रथमच बोचली. भगवंतांनी तेथे अर्जुनाचे एक नव्हे, दोन दोष दाखविले आहेत. पहिला, नको तो शोक करणे. आणि दुसरा, त्याच तोंडाने शहाणपणाची भाषा बोलणे. अर्जुन निदान रडत तरी होता. मी मात्र रडलो नव्हतो, आणि केवळ शहाणपणाचे बोललो होतो! अर्जुनाच्या दोन दोषांपैकी अधिक कोरडा दोष मी उचलला होता. स्वतःच्या दुःखाला लावण्यासाठी दिलेले औषध मी दुसऱ्याच्या दुःखावर फेकून मोकळा झालो होतो. खरे सांगावयाचे तर मला तिचे रडणे थांबवावयाचे होते, कारण ते माझ्याने पाहवत नव्हते.

मग भगवंतांनी निषेधिलेला शोक तो कोणता? याचे उत्तर गीतेच्या प्रसंगातच आहे. पहिल्या अध्यायाच्या शेवटी शोकाने व्याकूळ झालेला अर्जुन धनुष्यबाण टाकून रथात बसतो. दुसऱ्या अध्यायात तो कबूल करतो की, या शोकाने आपली इंद्रिये शोषून टाकली आहेत. म्हणजे ज्या शोकाने हात गळतो, कर्तव्य सुटते, आणि त्या सुटण्यालाच मनुष्य धर्म म्हणू लागतो, तो शोक मोहाचा भाऊ होय. त्याचा निषेध आहे. दुसऱ्याच्या वेदनेने डोळ्यांत उभ्या राहणाऱ्या पाण्याचा निषेध गीतेत मला कोठेही आढळला नाही.

याला महाभारताचीच साक्ष आहे. गीता ऐकून मोह गेला असे स्वमुखाने सांगणारा अर्जुन, युद्धाच्या तेराव्या दिवशी सायंकाळी शिबिरात परततो आणि अभिमन्यूच्या वधाचे वृत्त कळताच विलाप करतो. अनेकांनी मिळून एका बालवीराला मारले होते. तोही एक अधर्मयुक्त वधच होता. तेथे श्रीकृष्ण जवळच होते. त्यांनी मित्राचे सांत्वन केले. तेरा दिवसांपूर्वी उपदेश केला असता रडतोस कसा, असे त्याला हिणविले नाही. पुढे सुभद्रेच्या आक्रोशापुढेही तेच सांत्वनासाठी उभे राहिले. ज्यांनी गीता सांगितली त्यांनाच जर श्रोत्याचे अश्रू गीतेच्या विरुद्ध वाटले नाहीत, तर आपण तसे का मानावे?

तांबरमच्या पश्चिमेस, फार दूर नव्हे, श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान आहे. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना दया हा गुण आला आहे. आचार्यांनी तिचा अर्थ केला आहे, प्राणिमात्राचे दुःख सहन न होणे. किती सरळ आणि किती कठोर व्याख्या ही! जो दुसऱ्याचे दुःख निर्विकारपणे सहन करू शकतो, तो स्थितप्रज्ञ ठरत नाही. तो केवळ दयाहीन ठरतो. सहाव्या अध्यायातही श्रेष्ठ योगी तोच म्हटला आहे, जो स्वतःवरून इतरांचे सुखदुःख ओळखतो. ती फुलवाली एकही श्लोक जाणत नव्हती. परंतु अपरिचित मुलीच्या वेणीवरून तिने अपरिचित आईचे दुःख ओळखले. त्या योग्याच्या लक्षणाशी आम्हा दोघांत कोण अधिक जवळ होते, हे वाचकच ठरवोत.

आता दुसरी बाजू पाहू. शोक योग्य असला तरी तो कोणत्या वाटेने वाहतो हे पाहिले पाहिजे. त्या आठवड्यात आमच्या वस्तीत शोकाला दोन वाईट वाटा फुटल्या. काही जण म्हणू लागले, त्याला आमच्या हाती द्या. आणि काही जण, त्यांत सुशिक्षितही होते, हलक्या आवाजात विचारू लागले, "पण ती त्याच्याशी बोललीच कशाला?" पहिली वाट क्रोधाची, दुसरी त्याहून नीच, कारण तीत मृत व्यक्तीवरच मृत्यूचा भार टाकला जातो. हे दुसरे वाक्य मी माझ्या घरातही ऐकले. माझा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. जेवताना तो सहज बोलून गेला, "अप्पा, तिने त्याला आधी होकार दिला असेल, मग नाही म्हटले असेल." माझा घास हातातच राहिला. मी त्याला गीतेचे अध्याय पाठ करविले होते. परंतु कोणत्याही स्त्रीला, होकार दिल्यानंतरसुद्धा, नकार देण्याचा पूर्ण अधिकार आहे, हे मात्र कधी शिकविले नव्हते.

असे प्रसंग एका गावापुरते नाहीत. याच लोहमार्गावर नुंगंबाक्कम स्थानकात २४ जून २०१६ रोजी सकाळी गाडीची वाट पाहणाऱ्या एका तरुण नोकरदार मुलीची हत्या झाली. भोवती प्रवासी होते, आणि तिचे शव सुमारे दोन तास फलाटावर पडून राहिले. याच मार्गावर परंगिमलै, म्हणजे सेंट थॉमस माऊंट, स्थानकात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी एका विद्यार्थिनीला धावत्या गाडीपुढे ढकलण्यात आले. आपल्या महाराष्ट्रात वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे ३ फेब्रुवारी २०२० रोजी कामावर निघालेल्या एका प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटविण्यात आले. सात दिवसांनी, १० फेब्रुवारीस, तिचा अंत झाला. दोन वर्षांनी त्याच तारखेस न्यायालयाने आरोपीस जन्मठेप सुनावली. नुंगंबाक्कम, परंगिमलै, हिंगणघाट: भाषा वेगळी, प्रदेश वेगळा; पण लोक सर्वत्र 'एकतर्फी प्रेम' हेच नाव देतात.

या नावालाच माझा आक्षेप आहे. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अधःपाताच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. विषयाच्या चिंतनातून आसक्ती, तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. या मालिकेत प्रेम हा शब्द कोठे आहे? 'ही माझी' या भावनेला प्रेम म्हणणे म्हणजे रोगाला आरोग्य म्हणणे होय. सोळाव्या अध्यायातील आसुरी मनुष्यही असाच हिशोब करीत असतो: हे मिळविले, ते मिळवीन, आडवा आला त्याला मारीन. प्रेमात समोरच्याचे कल्याण हवे असते, मग ते आपल्यावाचून का होईना. हा भेद मुलगा घरीच शिकतो, किंवा शिकत नाही. मागेल ती वस्तू तत्काळ देणारे आणि बहिणीच्या 'नको'ला हसून सोडणारे घर त्या मालिकेची पहिली पायरी आपल्या हातांनी घडवीत असते.

मग अपराध्याविषयी भाव कसा असावा? बारावा अध्याय भक्ताला कोणाचाही द्वेष करू देत नाही. परंतु द्वेष नसणे म्हणजे दंड नसणे नव्हे. भागवताच्या प्रथम स्कंधात अश्वत्थाम्याची कथा आहे. झोपलेल्या पाच पुत्रांचा वध करणाऱ्या त्याला अर्जुन बांधून आणतो, तेव्हा द्रौपदीच त्याला सोडा म्हणते. आपण जशा रडत आहोत तसे त्याच्या आईला रडावे लागू नये, म्हणून. तथापि त्याला तसेच सोडले जात नाही. त्याच्या मस्तकावरील मणी काढून घेतला जातो आणि त्याला शिबिरातून घालवून दिले जाते. पुत्रशोकातही शत्रूच्या आईचे दुःख दिसणे ही दया; आणि अपराध्याला अपराधाचे फळ मिळणे हा न्याय. दोहोंना एकत्र नांदविणे कठीण आहे, परंतु धर्म तेथेच आहे. दंड न्यायासनाने द्यावा, जमावाने नव्हे.

तात्पर्य, शोक करावा की न करावा, या प्रश्नाचे माझे उत्तर असे: शोक अवश्य करावा, परंतु धनुष्य खाली ठेवून करू नये. गृहस्थाचे धनुष्य म्हणजे त्याचे नित्याचे कर्तव्य. मृत मुलीविषयी कोणी वावगे बोलले तर त्याला तेथेच थांबवावे. कोणी मुलगी कुणाचा त्रास होतो असे सांगू लागली, तर तिचे शिक्षण बंद न करता तिचे म्हणणे खरे मानून तिच्या बाजूने उभे राहावे आणि वेळीच पोलिसांत जावे. फलाटावर कोणी संकटात दिसले तर आपण एकटे काय करणार, असे म्हणू नये. हाक मारणारा पहिला एक निघाला म्हणजे दुसरा मिळतो. मुलांना नकार ऐकण्याची आणि तो मानण्याची सवय लहानपणापासून लावावी. तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रह याहून वेगळा नाही. १ जानेवारी २०२२ पासून तांबरमला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. ते आवश्यकच होते. परंतु प्रत्येक घराच्या आत आयुक्त बसविता येत नाही. तेथे आईबापांनाच जागावे लागते.

त्या रात्री मुलाशी मी दीर्घकाळ बोललो. प्रथम तो चिडला, मग गप्प बसला. काही दिवसांनी त्याने आपण होऊन सांगितले की, त्याच्या वर्गातील एक मुलगा एका मुलीच्या मागे लागला होता आणि इतर सर्व हसत होते. त्या दिवशी तो हसला नाही, त्याने त्या मुलाला अडविले. हे फार मोठे झाले असे मी म्हणत नाही. परंतु त्या दिवशी मला वाटले की, आमच्या घरात शोकाला योग्य वाट सापडली.

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा फुलवालीकडे गेलो. म्हणालो, "अम्मा, तुम्ही रडलात ते चुकले नाही. चुकलो तो मी." तिने काही उत्तर दिले नाही, गजरा मोजला, आणि नेहमीप्रमाणे चार कळ्या अधिक दिल्या. ती फुले मी देवाला वाहिली, तेव्हा नाव न घेता त्या मुलीचे आणि तिच्या आईचे स्मरण केले. त्या वेळी डोळ्यांत पाणी आले, आणि या वेळी मी ते पुसण्याची घाई केली नाही.