आमटीतले थेंब

कागल तालुक्यातल्या एका गावात हौसाबाई दोन मुलं, एक सून आणि दोन म्हशींसह राहत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरला साखर कारखान्यात कामाला. धाकटा सुनील कोल्हापुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता, तो दिवाळीच्या सुट्टीत घरी आला आणि परत गेलाच नाही.

शेजारच्या गच्चीवर नुकताच मोबाइलचा टॉवर उभा राहिला होता. आपल्या मनातलं सगळं त्यातून बाहेर जातं, अशी सुनीलची खात्री झाली. मग दोन माणसांचे आवाज यायला लागले. एक म्हणायचा, "बघ, उठला." दुसरा म्हणायचा, "कशाला उठला?" रात्रभर हेच. पोरगं उशी कानावर दाबून बसायचं, आणि घरातले म्हणायचे, अरे, कुणी बोलत नाही, कसला आवाज? हे समजावणं फुकट जातं. आवाज ऐकू येत असताना अशा माणसाच्या मेंदूची चित्रं काढली, तर बोलण्या-ऐकण्याचे भाग खरोखरच जागे झालेले दिसतात. त्याच्यापुरता तो आवाज घडतच असतो.

आधी उतारा टाकून झाला, मग देवऋषी झाला. चुलते म्हणाले, "गोठ्यात बांधून घाला चार दिवस, उतरंल अंगातलं." तेवढं मात्र सुनेनं, शोभानं, होऊ दिलं नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे झोपडीला आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेल्या मनोरुग्णांना पळताच आलं नाही. २८ माणसं मेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीवर सरळ बंदीच घातली आहे. चुलत्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, शोभालाही नव्हतं. तिला एवढंच वाटलं, की जो आधीच भ्यालाय त्याला बांधायचं कशाला?

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: स्किझोफ्रेनिया. सिनेमात दाखवतात तसा एका अंगात दोन माणसं राहण्याचा हा आजार नव्हे. खरं काय आणि भासलेलं काय, ही निवड करणारी मेंदूतली व्यवस्थाच बिघडते. ढोबळमानानं शंभरातल्या एकाला आयुष्यात कधीतरी तो गाठतो, आणि बहुतेकदा ऐन विशी-पंचविशीत. आईच्या लाडानं होत नाही, करणीनंही होत नाही. १९५२ साली पॅरिसमध्ये या आजारावर पहिलं परिणामकारक औषध वापरलं गेलं. त्याआधी डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. आता पुष्कळ आहे.

पण सुनील गोळी घेईना. "मला काय झालंय? टॉवर काढायला सांगा." आपण आजारी आहोत हेच न उमगणं हा या आजाराचाच भाग. घरानं त्याला हट्ट म्हटलं. शेवटी डॉक्टरांनी नाइलाजानं बिनचवीचं पातळ औषध लिहून दिलं आणि बजावलं, की हे काही दिवसांपुरतं. त्याच्याशी बोलत राहा, त्याला तयार करा. घरानं यातलं फक्त औषध लक्षात ठेवलं.

हौसाबाईंनी बाटली मसाल्याच्या डब्यामागं ठेवली. रोज रात्री सुनीलच्या वाटीत आमटी वाढली, की पदराआड बाटली धरून ओठ हलवत त्या थेंब मोजायच्या. तीन आठवड्यांत पोरगं झोपायला लागलं. आवाज लांब गेले. आईला वाटलं, जिंकलं. आईला दोष द्यायची घाई मी करणार नाही. असली बाटली आपल्याकडच्या कितीतरी घरांत मसाल्याच्या डब्यामागं असते.

एका रात्री सुनील पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि दारातच थांबला. आई मोजत होती.

गेले चार महिने तो टॉवरबरोबर आणखी काय सांगत होता? घरातले आपल्या जेवणात काहीतरी घालतात. सगळे म्हणत होते, हा भ्रम आहे. आणि आज डोळ्यांदेखत घातलं जात होतं.

त्यानं घरचं अन्न सोडलं. सील न फोडलेला बिस्किटाचा पुडा आणि स्वतः सोललेली केळी, एवढ्यावर राहू लागला. पाणीसुद्धा स्वतः हापसून आणायचा. आठवडाभरात दोन्ही आवाज परत उशाशी येऊन बसले. थोरला म्हणाला, "आता सरळ धरून न्यायचा." हौसाबाई म्हणाल्या, "त्याला सांगा, ते जिऱ्याचं पाणी होतं."

"आत्या, न्हाई," शोभा म्हणाली. "खरं सांगा त्याला."

"आणि मग कधीच जेवला न्हाई तर?"

"आत्ता तरी कुठं जेवतोय?"

दोन दिवस हौसाबाईंचा धीर होईना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धार काढून त्या ओसरीवर सुनीलपासून हातभर लांब बसल्या. म्हणाल्या, "बाळा, आमटीत मीच घालत होते. औषध होतं. तू सांगत होतास ते खोटं नव्हतं, खोटं मी बोलले. परत घालणार न्हाई." सुनील उठून गेला. थोरल्यानं कपाळाला हात लावला. झालं, आता याचा संशय कायमचा पक्का.

शोभानं चूल आतून ओसरीवर आणली, म्हणजे गॅसची शेगडीच. भाकरी त्याच्यासमोर थापायची, कालवण समोर फोडणीला टाकायचं, त्याच भांड्यातलं आधी आपण खायचं. जेवा म्हणायचं नाही. पंधरवडा गेला. एका दुपारी त्यानं तव्यावरची भाकरी स्वतःच्या हातानं उचलली.

टॉवरवर ती कधी वाद घालत नसे आणि होकारही देत नसे. एकदा त्यानं थेट विचारलं, "वहिनी, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"मला न्हाई येत, भावजी. पण तुम्हाला येतंय, आणि त्यापायी रात्र-रात्र झोप न्हाई, हे दिसतंय. झोपेचं तरी बघूया का?"

झोपेसाठी तो दवाखान्यात यायला तयार झाला. आजारासाठी नव्हे, पण दार एकच होतं. डॉक्टरांनी या वेळी सगळं त्याच्याशी बोलून केलं. औषधानं हात थरथरू शकतो, जबडा आवळल्यासारखा होऊ शकतो, वजन वाढतं, झोप येते. त्रास झाला तर डोस बदलता येतो, मनानं बंद केलं तर आवाज परत येण्याची शक्यता फार मोठी. गोळी घेता येईल, नाहीतर महिन्यातून एकदा इंजेक्शन. सुनीलनं थोडा विचार केला आणि इंजेक्शन निवडलं. डॉक्टरांनी कारण विचारलं, तेव्हा म्हणाला, "सुई समोर दिसते. ती कशात मिसळता येत नाही."

साखळीवर बंदी घालणाऱ्या त्याच कायद्यानं पेशंटला आणखी एक हक्क दिलाय. पुढं कधी आपलं आपल्याला ठरवता आलं नाही, तर आपल्या वतीनं कुणी बोलायचं, त्याचं नाव साध्या कागदावर सही करून देता येतं. आवाज पुरते मागं हटल्यावर सुनीलनं शोभाचं नाव लिहून दिलं. हौसाबाई दोन दिवस फुगून बसल्या.

तो पूर्ण बरा झाला असं कुणी म्हणत नाही. कॉलेज सुटलं ते सुटलंच. टॉवरकडं तो अजून पाठ करून बसतो. सकाळ-संध्याकाळ मात्र डेअरीत दूध घालून येतो आणि फॅट कमी लावली की तिथल्या माणसाशी हुज्जत घालतो. तो संशय गावातल्या सगळ्यांनाच आहे.

परवा इंजेक्शनच्या तारखेला हौसाबाईही बरोबर गेल्या. पूर्वी त्या डॉक्टरांना दाराबाहेर गाठून कुजबुजायच्या. आता पोराच्या शेजारच्या खुर्चीवर बसून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, डोस जरा कमी करता येतो का बघा. हा सातलाच झोपतोय."

"साडेआठला," सुनील म्हणाला. "सातला तर डेअरीत असतो मी. हिला काही विचारू नका, मला विचारा."