वर्षाचा संकल्प, रोजचा वाटा

सर्व स्तुती अल्लाहसाठी, ज्याने मानवाला वाणी दिली, हाताला कसब दिले आणि लेखणीला ज्ञानाचे साधन केले. दरूद व सलाम त्याच्या अंतिम प्रेषितांवर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि सर्व सहाबांवर.



मुहर्रमचा चंद्र दिसतो आणि आपल्या आयुष्यातील एक वर्ष उणे होते. या दिवसासाठी शरीअतने कोणताही उत्सव नेमून दिलेला नाही. परंतु गतकाळाचा हिशेब मांडण्यास हा क्षण योग्य आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत ही कालगणना निश्चित झाली, तेव्हा तिचा आरंभ हिजरतच्या वर्षापासून धरण्यात आला. हिजरत म्हणजे हेतुपूर्वक उचललेले पाऊल. कर्मांचे मोल नीयतवर ठरते, हे सांगणाऱ्या सुप्रसिद्ध हदीसमध्येही उदाहरण हिजरतचेच आहे. म्हणूनच या वर्षाची सुरुवात नीयत तपासून व्हावी.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात एखादे काम वर्षानुवर्षे पडून असते. कोणाला आजीकडून ऐकलेल्या गोष्टी लिहून काढायच्या आहेत, कोणाला खत्ताती शिकायची आहे, कोणाला मुलांसाठी सोप्या मराठीत प्रेषितांचे चरित्र लिहायचे आहे, तर कोणाच्या बोटांत कशिद्याची कला आहे. विचारले तर उत्तर एकच मिळते : वेळ मिळत नाही. 'निवृत्तीनंतर लिहू' असे म्हणणारी किती माणसे आपण खांदा देऊन कब्रस्तानात पोहोचवली! त्यांच्यासोबत त्यांच्या गोष्टीही मातीआड गेल्या. आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांबाबत बहुसंख्य लोक तोट्यात राहतात, असे प्रेषित (सल्ल.) यांनी सांगितले आहे. या इशाऱ्याचा अर्थ अशा वेळी उमगतो.

काहीजण विचारतील की, हा तर केवळ शौक. दीनशी त्याचा संबंध काय? प्रेषितांच्या मस्जिदीत हजरत हस्सान बिन साबित (रजि.) यांच्या काव्यासाठी मिंबर ठेवला जात असे. उम्मुल मोमिनीन हजरत झैनब बिन्त जहश (रजि.) स्वतः कातडी कमावत, शिवणकाम करत आणि मिळकत सदका करत. माणसाच्या मृत्यूनंतरही ज्यांचे पुण्य चालू राहते, अशा गोष्टींत लोकोपयोगी ज्ञानाची गणना झाली आहे. असत्य नसावे, अश्लीलता नसावी, फर्ज इबादतीत खंड नसावा. या मर्यादेत केलेले सर्जन ही अल्लाहने दिलेल्या गुणाची कृतज्ञताच होय.

मग संकल्प कसा करावा? पहिली गोष्ट, तो लहान असावा. अल्लाहला सर्वाधिक प्रिय कर्म ते, जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते, ही हजरत आएशा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आपण तहज्जुद आणि तिलावतीसाठी सांगतो. तिचे शहाणपण येथेही लागू पडते. चांद्रवर्षाचे दिवस साधारण ३५४. रोज अर्धे पान लिहिले तर वर्षाअखेर १७७ पाने होतात. 'यंदा पुस्तक लिहीन' हा संकल्प सफर महिन्यापर्यंत विरून जातो; 'रोज अर्धे पान' हा संकल्प जिलहिज्जपर्यंत टिकू शकतो.

दुसरी गोष्ट, हा वेळ कोठून काढावा? प्रेषितांनी आपल्या उम्मतच्या सकाळच्या वेळेत बरकत व्हावी अशी दुआ केली आहे. फजरनंतर पुन्हा झोपण्यात किंवा मोबाइल चाळण्यात ही बरकत आपण गमावतो. बगदादचे विद्वान इमाम इब्न जौझी (मृत्यू हिजरी ५९७) यांना निरर्थक गप्पांसाठी येणाऱ्या पाहुण्यांचा जाच होई. त्यांनी पाहुण्यांना दुखावले नाही. कागद कापणे, लेखण्या तासणे, वह्या बांधणे ही विचार न लागणारी कामे त्यांनी त्या भेटींसाठी राखून ठेवली. त्यामुळे एकांत मिळताच लेखणी तयार असे. आपणही असे नियोजन करू शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : हा वेळ दुसऱ्याच्या हक्कातून काढलेला नसावा. हजरत अबू दर्दा (रजि.) दिवसा रोजे आणि रात्री नमाज यांत इतके मग्न झाले की पत्नीकडे दुर्लक्ष झाले. तेव्हा हजरत सलमान (रजि.) यांनी त्यांना रब, शरीर आणि कुटुंब या प्रत्येकाचा हक्क स्मरण करून दिला व प्रेषितांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. जेथे नफ्ल इबादतीलाही पत्नीचा हक्क डावलण्याची मुभा नाही, तेथे आपल्या लेखनाला ती कशी असेल?

आणि घरातील स्त्रीचा संकल्प कोणी विचारला काय? तिच्याही मनात कविता असते, तिच्याही हातात कला असते; परंतु बहुतेक घरांत पुरुषाचा संकल्प तिच्या वेळेवर पूर्ण होतो आणि तिचा संकल्प चुलीपाशी राहून जातो. प्रेषित (सल्ल.) घरी आपली पादत्राणे सांधत, वस्त्र शिवत, घरच्यांच्या कामात असत. मिसवाकची सुन्नत निष्ठेने जपणाऱ्या बांधवांनी ही सुन्नतही जपावी. रोज अर्धा तास मुलांचा अभ्यास आणि स्वयंपाकघराची आवराआवर पतीने पाहिली, तर तेवढा वेळ तिच्या हक्काचा होईल. भावांनी बहिणींसाठी, मुलांनी आईसाठीही हे करावे.

संकल्प बोलताना 'इन्शाअल्लाह' विसरू नये. उद्याचा दिवस आपल्या मालकीचा नाही. दर महिन्याच्या चंद्रदर्शनाला आपला हिशेब आपणच घ्यावा. खंड पडला असेल तर निराश न होता त्या दिवसापासून पुन्हा सुरुवात करावी. या मुहर्रममध्ये घरातील सर्वांनी एकत्र बसावे, प्रत्येकाने एकच काम सांगावे आणि त्यासाठी रोजचा वाटा कोण कोणाला देणार, हे तेथेच ठरवावे.

हे अल्लाह! आमच्या वेळेत बरकत दे, आमची नीयत शुद्ध ठेव, आमच्या हातून असे काम घडव जे आमच्यानंतरही लोकांच्या उपयोगी पडेल, आणि एकमेकांचे हक्क अदा करण्याची आम्हाला तौफिक दे. आमीन.