झिकोचे तीन मुक्काम

१३ डिसेंबर १९८१ रोजी टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर रिओच्या फ्लामेंगो क्लबने युरोपविजेत्या लिव्हरपूलला पहिल्या अर्ध्या खेळातच तीन गोल चढवले. दोन नुनेसच्या नावावर लागले, एक अदिलिओच्या. पण तिन्हींची सुरुवात झिकोच्या पायातून झाली होती. सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याला टोयोटा मोटार मिळाली. दहा वर्षांनी हाच माणूस जपानला परतला, तो मात्र दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या एका पोलाद कारखान्याच्या संघात.

परदेशी गेलेल्या ब्राझिलियन खेळाडूचा हिशेब सहसा दोन रकान्यांत मांडला जातो: किती पैशांना विकला गेला आणि किती गोल केले. ब्राझीलमध्ये त्याला हळहळीचा तिसरा रकाना जोडतात. १९७० च्या विश्वविजेत्या संघातले सगळे बावीस खेळाडू मायदेशी क्लबांत खेळत होते. २०२२ च्या सव्वीस जणांत असे फक्त तीन उरले होते. या तिन्ही रकान्यांत न मावणारी एक गोष्ट राहून जाते. खेळाडू निघून गेल्यावर त्या गावात मागे काय उरते? झिकोने आयुष्यात बरेच देश पाहिले, पण त्यातले तीन मुक्काम या प्रश्नासाठी शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला मुक्काम इटलीतले उदिने. १९८३ मध्ये तिथल्या मध्यम वकुबाच्या क्लबने तिशीतल्या झिकोला करारबद्ध केले, तेव्हा पैशांच्या हमीचा प्रश्न काढून इटालियन फुटबॉल महासंघाने व्यवहार अडवला. गाव रस्त्यावर उतरले. एकेकाळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेल्या त्या शहरात ‘एकतर झिको, नाहीतर ऑस्ट्रिया’ अशी घोषणा घुमली. परवानगी मिळाली. पहिल्याच हंगामात झिकोने लीगमध्ये १९ गोल केले. युव्हेंतुसच्या प्लाटिनीपेक्षा फक्त एक कमी. दोन हंगामांनी तो रिओला परतला. उदिनेकडे राहिल्या त्या आठवणी. त्याच्या फ्री किकच्या कथा तिथे अजून सांगितल्या जातात, पण त्याच्या येण्याने क्लबच्या घडणीत फरक पडला असे म्हणवत नाही. उदिनेला गोल हवे होते, ते त्याने दिले.

दुसऱ्या मुक्कामाआधी एक वळण येते. १९८९ अखेर फ्लामेंगोचा निरोप घेतल्यावर झिको ब्राझील सरकारात क्रीडा खात्याचा सचिव झाला. क्लबांचा कारभार कसा चालावा यासाठी त्याने ज्या कायद्याची पायाभरणी केली, तो १९९३ मध्ये मंजूर झाला आणि ‘झिको कायदा’ म्हणून ओळखला गेला. त्यामुळे १९९१ मध्ये अडतिसाव्या वर्षी तो काशिमाला पोचला, तेव्हा त्याच्याजवळ फक्त उतरत्या वयाचे पाय नव्हते.

काशिमा हे पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचे, तेव्हा साधारण ४५ हजार वस्तीचे गाव. तिथल्या सुमितोमो मेटल्सच्या संघाला नव्या व्यावसायिक लीगमध्ये शिरायचे होते. लीगचे प्रमुख कावाबुची यांनी ही शक्यता जवळजवळ शून्य असल्याचे सांगितले: ९९.९९९९ टक्के अशक्य. छप्पर असलेले, पंधरा हजार प्रेक्षकांचे, केवळ फुटबॉलसाठीचे मैदान बांधाल तर बघू, ही अट. इबाराकी प्रांताने ते खरोखरच बांधले. गंमत अशी, की आधी अट पुरी करण्याचा हट्ट धरणारे गाव होते आणि त्या हट्टाला जोड मिळाली ती तितक्याच हट्टी माणसाची.

हंगामापूर्वीच्या इटलीतल्या सरावात हा संघ क्रोएशियाकडून ८-१ असा हरला. झिको भडकला आणि मग पायाभूत गोष्टींपासून शिकवणी सुरू झाली. १६ मे १९९३ रोजी, पहिल्याच सामन्यात काशिमाने नागोयाला ५-० ने लोळवले. चाळिशीतल्या झिकोची हॅट्‌ट्रिक झाली. पण तो संत नव्हता. १९९४ च्या जानेवारीत अजिंक्यपदाच्या लढतीत पंचांच्या निर्णयाने संतापून तो पेनल्टीसाठी ठेवलेल्या चेंडूवर थुंकला आणि मैदानाबाहेर घालवला गेला. ती पेनल्टी मारणारा काझू मिउरा पंधराव्या वर्षी फुटबॉल शिकायला ब्राझीलला गेलेला जपानी मुलगा होता.

त्याच वर्षी झिको खेळाडू म्हणून निवृत्त झाला, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. त्याच्यामागून ब्राझीलचेच लिओनार्दो, जॉर्जिन्यो आले. काशिमाने १९९६ मध्ये पहिले लीगपद जिंकले, २००० मध्ये देशातल्या तिन्ही स्पर्धा. हा क्लब पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली उतरलेला नाही. निष्ठा, समर्पण आणि आदर ही तीन तत्त्वे तिथे आजही ‘झिकोचा बाणा’ म्हणून सांगितली जातात. २०१८ मध्ये पासष्टीतला झिको तांत्रिक संचालक म्हणून परतला, तेव्हा क्लबने आशियाई अजिंक्यपद पटकावले.

तिसरा मुक्काम आपल्या शेजारचा. २०१४ ते २०१६ अशी तीन वर्षे झिको एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. गोव्यात फुटबॉल शिकवावा लागत नाही. गावोगावी, चर्चच्या मैदानांवर तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. पोर्तुगीज बोलणारा प्रशिक्षकही तिथे अगदीच परका नव्हता. इंडियन सुपर लीगमध्ये पहिल्या वर्षी उपांत्य फेरी, दुसऱ्या वर्षी अंतिम सामना. त्यात फातोर्डाच्या मैदानावर शेवटच्या मिनिटांपर्यंत आघाडीवर असलेला गोवा चेन्नईकडून ३-२ हरला. त्याच्या हाताखाली चमकलेला रोमिओ फर्नांडिस २०१५ मध्ये ब्राझीलच्या अथलेतिको परानेन्सेकडे गेला. मिउराची वाट एका गोंयकाराने धरली खरी, पण काही महिन्यांतच ती संपली.

काशिमात रुजले ते इथे का रुजले नाही? पाणी मुरायला जमीन लागते आणि वेळही. तेव्हाची ही लीग ऑक्टोबर ते डिसेंबर अशी जेमतेम अडीच महिन्यांची होती. बरेच भारतीय खेळाडू दुसऱ्या क्लबांकडून उसने घेतलेले. डिसेंबर संपला की संघ पांगायचा. आणि ज्या क्लबांत खेळाडू वर्षभर घडत होते ते डेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग २०१६ मध्ये आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधूनच बाहेर पडले.

यावर आक्षेप घेता येईल. काशिमात झिको खेळला, गोव्यात तो बाकावर होता. तुलना समान नाही. शिवाय वेळ दिला की सारे जमते असेही नाही: जपानच्या राष्ट्रीय संघासोबत त्याने चार वर्षे काढली, २००४ चा आशिया चषक जिंकला, पण २००६ च्या विश्वचषकात पदरी एकच गुण पडला आणि शेवटचा पराभव खुद्द ब्राझीलकडून ४-१ असा झाला. आक्षेप रास्त आहेत. तरी २०१७ पासून लीग लांबली आणि पुढच्या काही वर्षांत त्याच एफसी गोवाने सुपर कप जिंकला, साखळीत पहिला क्रमांक मिळवला, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही मिळवला. तेव्हा झिको तिथे नव्हता.

त्याचा गोव्यातला शेवटचा सामना १ डिसेंबर २०१६ ला फातोर्डावर झाला, पुन्हा चेन्नईविरुद्ध. ४-४ अशी बरोबरी असताना भरपाई वेळेत साहिल तावोरा या गोमंतकीय तरुणाने गोल केला आणि गोवा ५-४ ने जिंकला. आठ संघांत गोवा तरीही आठवाच राहिला. त्यानंतर झिको आणि क्लब यांची फारकत झाली. पुढच्या हंगामासाठी खेळाडूंची वाटणी झाली, तेव्हा तावोराला मुंबई सिटीने उचलले.