श्रीमती क्ष कुणामुळे गेल्या?

डिसेंबर १९४५मध्ये नोबेल व्याख्यानाच्या शेवटी अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. श्रीयुत क्ष यांचा घसा दुखतो. ते स्वतःच पेनिसिलिन विकत आणतात, पण पुरेसं घेत नाहीत. घशातले जिवाणू मरत नाहीत, औषधाला निर्ढावतात. मग त्यांच्याकडून पत्नीला संसर्ग होतो, न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. जबाबदार कोण? फ्लेमिंग यांचं उत्तर होतं : श्रीयुत क्ष.

‘निर्ढावतात’ हे सोयीचं झालं. जिवाणू काही शिकत नाहीत. ई. कोलाय पोषक परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत दुभंगतो. इतक्या नकला करताना चुका होतातच. एखाद्या चुकीपुढे औषध निष्प्रभ ठरतं. बाकीचे मरतात, तिला मोकळं रान मिळतं. शिवाय प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यांवरून असं जनुक एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडेही जातं.

म्हणूनच ही गोष्ट नवरा-बायकोपुरती राहत नाही. आपल्या अंगावर आणि आत मिळून सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा २०१६मधला अंदाज आहे. वजन जेमतेम दोनशे ग्रॅम. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, कित्येक उपकारक. घशासाठी घेतलेली गोळी आतड्यातल्या जिवाणूंनाही गाठते.

मी वर्षानुवर्षं सर्दी झाली की दुकानातून अँटिबायोटिकची पट्टी आणत असे. सर्दी विषाणूंमुळे होते, त्यांच्यावर ही औषधं चालत नाहीत, हे शाळेत शिकूनही. गेल्या वर्षी आईला लघवीचा जंतुसंसर्ग झाला. कल्चरच्या रिपोर्टवर एकाखाली एक ‘रेझिस्टंट’ लिहिलेलं होतं. शेवटी शिरेतून द्यायचं एक औषध लागू पडलं. आई घरी आली.

माझ्या पट्ट्यांचा आणि त्या रिपोर्टचा संबंध होता का? सिद्ध करता येणार नाही. नव्हता, हेही सिद्ध करता येणार नाही. आपली अपराधाची कल्पना माग काढण्यावर उभी आहे : हात कुणाचा, घाव कुणावर. इथे हात कोट्यवधी आहेत आणि घाव अनोळखी माणसावर, कदाचित दहा वर्षांनी. पण माग लागत नाही म्हणजे वाटा नाही, असं होत नाही.

वाटे मात्र सारखे नसतात. रोजंदारीवरचा माणूस दवाखान्याच्या रांगेत दिवसाची मजुरी घालवू शकत नाही, म्हणून तो दुकानदाराला विचारून गोळी घेतो. वेळेवर योग्य अँटिबायोटिक न मिळाल्यानेही माणसं मरतात. त्याला आणि मला एकाच तराजूत तोलणं अन्यायाचं आहे. फ्लेमिंग यांनी क्ष यांना खिशाबद्दल काही विचारलं नाही. मला विचारलं, तर माझ्याकडे सबब नाही. मला फक्त तीन दिवस नाक गळलेलं सहन होत नव्हतं.