थेंबाचा माग

इंग्लंडात ॲबिंग्डन नावाचं एक गाव आहे. एमजीच्या छोट्या स्पोर्ट्‌स गाड्या तिथे बनायच्या. त्यातली एमजीबी सगळ्यांत खपाची. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या. पुढे कारखाना बंद पडला, कामगार पांगले. गाड्या मात्र राहिल्या आणि त्यांची ऑइल गळतीही राहिली.

त्या गावातल्या एका शाळामास्तरांनी हौसेने १९७१ सालची एमजीबी घेतली. गाडी रात्रभर उभी राहिली, की सकाळी फरशीवर तेलाचा डाग. इंजिनला गिअरबॉक्स जिथे जोडलेला असतो, बरोबर त्याखाली. गॅरेजवाल्याने जागा बघितली आणि निदान करून टाकलं, "मागचं ऑइल सील गेलंय." या गाडीत ते सील बदलायचं तर अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. मास्तरांनी काढवलं, बिल भरलं, गाडी घरी आणली. सकाळी डाग होताच.

मग मास्तरांनी स्वतःच पाना हातात घेतला. इंजिनच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरचे बोल्ट आवळले. थेंब थांबेना, म्हणून आणखी आवळले. कॉर्कचं पॅकिंग चेपून कडेने बाहेर डोकावू लागलं आणि आता तिथूनही तेल पाझरू लागलं. शेवटी खाली वाकून पाहताना त्यांना गिअरबॉक्सच्या पुढच्या भांड्याच्या तळाशी एक बारीक भोक दिसलं, त्यात एक सैल स्प्लिट पिन लोंबत होती. पिनेच्या टोकाला थेंब! चोर सापडला म्हणून त्यांनी पिन उपटली, भोकात पुट्टी भरली. दुसऱ्या दिवशी थेंब पुट्टीच्या शेजारून पडला.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पण मास्तरांना हसण्यात अर्थ नाही. डोळ्यांना दिसतं तिथेच हात जातो.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारा राहायचा. उमेदीची वर्षं त्याने त्याच कारखान्यात काढली होती. तो आला आणि पान्याऐवजी त्याने ब्रश आणि रॉकेल मागितलं. इंजिन वरपासून खालपर्यंत घासून धुतलं, कोरडं केलं आणि त्यावर चक्क टाल्कम पावडर उडवली.

"आता फिरवून आणा."

मास्तर चक्कर मारून आले. म्हाताऱ्याने बॅटरी धरली आणि खाली न वाकता वरून बघायला सुरुवात केली. "तेल खाली ओघळतं आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं, मास्तर. म्हणून सगळ्यांत वरची, सगळ्यांत पुढची ओली जागा शोधायची." पांढऱ्या पावडरीवर एक तपकिरी रेघ उमटली होती. ती मॅनिफोल्डच्या खाली दडलेल्या मागच्या टॅपेट कव्हरपासून निघाली होती आणि इंजिनच्या पाठीवरून उतरत थेट पुट्टीपर्यंत गेली होती.

मास्तर पाना घेऊन धावले. म्हाताऱ्याने त्यांचा हात धरला. इंजिन चालू ठेवून त्याने तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि त्यावर कागदाचा चिटोरा ठेवला. चिटोरा फडफडला आणि उडून बाजूला पडला.

"हा आत ओढला जायला हवा होता. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली निसटतोच. तो या ब्रीदरच्या नळीतून कार्बोरेटरकडे जातो आणि जळतो. तुमची वाट बुजलीय. नाक दाबलं की तोंड उघडतं. तेलाला बाहेर पडायची हौस नाही, आतला दाब त्याला ढकलतोय. तो न घालवता एक पॅकिंग आवळाल, तर दुसरं रडेल."

पुढच्या टॅपेट कव्हरवर त्या नळीचा तेल अडवणारा डबा असतो. आतली जाळी काळ्या, चिकट गाळाने गच्च भरली होती. रॉकेलमध्ये ती भिजवून, हलवून, पुन्हा भिजवून म्हाताऱ्याने पलीकडचा उजेड दिसेपर्यंत साफ केली. मग कार्बोरेटर, मॅनिफोल्ड उतरवून मागच्या कव्हरला नवं कॉर्क बसवलं. बोल्ट मात्र बेतानेच आवळला. "पातळ पत्रा आहे. जोर लावलात की वाकतो, आणि वाकला की गळतो." चेंबरचं चेपलेलं पॅकिंगही बदललं.

पुन्हा चिटोरा ठेवला. तो तोंडाला चिकटून बसला.

मास्तर खूश होऊन हात पुसत होते, तेवढ्यात म्हातारा खाली सरपटला आणि भोकातली पुट्टी कोरून काढू लागला.

"अहो, ती राहू द्या की!"

"हे भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. उद्या खरंच आतलं सील गळलं, तर तेल क्लचवर न जाता इथून पडावं आणि तुम्हाला कळावं म्हणून. पिन हलत राहते, भोक बुजत नाही. कुठे टाकलीत ती?"

मास्तरांनी खिळ्यांच्या डब्यातून पिन शोधून दिली आणि हळूच विचारलं, "मग सील बदलायला घातलेले पैसे?"

"गेले," म्हातारा गाडीखालून म्हणाला. "पण सील नवंकोरं आहे. आता बरीच वर्षं त्याचं नाव काढू नका."