दोन वर्षांचं भाकीत, पाच वर्षांची वाट

अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल मुंबईत उतरला तो फेब्रुवारी १८१३ मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. त्याला आणि त्याच्या सोबत्याला परत धाडण्याचे हुकूमही निघाले होते. तो कसाबसा टिकला, मराठी शिकला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतराला लागला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. वय अवघं ४१. तेरा वर्षांत त्याचं ऐकून ख्रिस्ती झालेले लोक मोजायला एका हाताची बोटंही पुरून उरली असती. त्यानेच पाया घातलेल्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कवी नारायण वामन टिळक आले ते १८९५ मध्ये. मध्ये ६९ वर्षं गेली होती.

या मधल्या वर्षांना काय म्हणायचं? आमच्या मंडळ्यांमध्ये ‘देवाची वेळ’ हा शब्द उठता-बसता कानावर येतो. शेजाऱ्याशी येशूविषयी बोलायला जीभ रेटत नसली की म्हणायचं, देवाची वेळ अजून आली नाही. उलट कोणी जरा मऊ झालेला दिसला की म्हणायचं, हीच देवाची वेळ, आता सोडू नका. पहिल्या ठिकाणी भीती असते, दुसऱ्या ठिकाणी घाई, आणि दोन्हींवर पांघरूण देवाच्या नावाचं. या घाईचं एक चित्र डोळ्यांपुढे आहे. इस्पितळात एक गृहस्थ शुद्धी-बेशुद्धीच्या काठावर होते. भेटायला आलेल्या एका उत्साही बंधूंनी खिशातून पत्रिका काढून त्यांच्या उशीपाशी उभ्यानेच तारणाची वाट समजावायला सुरुवात केली. आजाऱ्याची मुलगी सलाईनच्या बाटलीकडे बघत गप्प राहिली. हे बंधू आत येण्याआधी आमच्याच मंडळीतल्या एक बाई रोज दुपारी येऊन तिला चार तास झोपायला घरी पाठवत होत्या. त्यांनी प्रार्थना केली तीही विचारून. त्यानंतर त्या मुलीने काही विचारलं असेल, तर ते त्या बाईंना विचारलं असेल, असा माझा अंदाज आहे.

टिळकांची गोष्ट मराठी ख्रिस्ती घरांत सगळ्यांना पाठ असते. १८९३च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं सुरू झालं ते संस्कृत काव्यावरून. उतरताना त्यांनी नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. टिळकांनी पुस्तक वाचायचा शब्द दिला होता, म्हणून वाचलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते गृहस्थ कोण, हे टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सांगणारे नेहमी त्या भाकितावर भर देतात. मला ते भाकीत या गोष्टीतला सर्वांत कच्चा भाग वाटतो. अशी भाकितं करणारे आणखीही असतील. खोटी ठरली ती कोणी लिहून ठेवत नाही. मोलाचं आहे ते त्या प्रवाशाचं वागणं. तो टिळकांच्या विषयावर बोलला, पुस्तक दिलं आणि आपल्या वाटेने गेला. पत्ता घेतला नाही, मागे लागला नाही. प्रेषितांच्या कृत्यांतला फिलिप्पही असाच कूशी अधिकाऱ्याच्या रथात चढतो, तो वाचत असलेल्या ओळींपासूनच बोलायला लागतो आणि बाप्तिस्मा झाल्यावर दिसेनासा होतो. त्याच पुस्तकात पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायला चक्क मनाई होते, तीही पवित्र आत्म्याकडून. पुढे त्याच प्रांतातल्या इफिसात तो दोन वर्षांहून जास्त राहिला. ‘आत्ता नको’ हीसुद्धा आज्ञा असू शकते, हे सुवार्तेच्या शिबिरांत फारसं सांगितलं जात नाही.

टिळकांची खरी परीक्षा रेल्वेत झाली नाही, घरात झाली. त्यांच्या बाप्तिस्म्याने पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या त्याही सोवळं सांभाळून, चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळक स्वभावाने तापट. मनात आलं की करून मोकळे, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणारे. अशा उतावळ्या माणसाने या एका बाबतीत बायकोला मुदत घातली नाही. वेगळी चूल पेटत राहू दिली. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी लक्ष्मीबाई स्वतःच झगडल्या आणि स्वतःच उत्तराशी आल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा नवऱ्याच्या बाप्तिस्म्याला सुमारे पाच वर्षं होऊन गेली होती. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ हसतखेळत वाचणाऱ्यांनी ही पाच वर्षं जरा सावकाश वाचावीत.

आणि बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे तरी देवाची वेळ असते का? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून चाललेला वाद प्रसिद्ध आहे. आपली सद्सद्विवेकबुद्धी त्या कोणाच्या हवाली करायला तयार नव्हत्या. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की ख्रिस्ती धर्म तेव्हा सापडला, ख्रिस्त सापडायला मात्र आणखी आठेक वर्षं जावी लागली. मंडळीच्या नोंदवहीत १८८३ हेच साल राहणार. जेराल्डीनबाईंना ही मुलगी हट्टी वाटत होती. त्यांची काळजी खोटी नव्हती, पण जे व्हायचं होतं ते त्यांच्या देखरेखीबाहेर झालं.

मिशनांना वार्षिक अहवाल पाठवावे लागत, त्यात बाप्तिस्म्यांचा आकडा असे. पैसे देणाऱ्याला हिशेब हवा, यात वावगं काही नाही. पण आकड्याचा रकाना असला की माणूस तो भरायच्या मागे लागतो. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून जागा होती. रूढ मंडळीच्या चौकटीत हे सहज बसणारं नव्हतं, आणि त्यावरचे आक्षेप मलाही अगदीच फोल वाटत नाहीत. बाप्तिस्मा ही काही ऐच्छिक बाब नव्हे. तरीही लक्ष्मीबाईंसाठी थांबलेल्या माणसाने हे केलं, याचं मला नवल वाटत नाही. घरात जे दिलं तेच त्यांनी दारात आलेल्यांना देऊ केलं. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले, आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ उभा राहिला नाही.