चहाची पैज

गेल्या धनत्रयोदशीच्या संध्याकाळची गोष्ट. बजाजनगरातल्या आमच्या घरी फराळाची ताटे मांडली होती. गल्लीत आकाशकंदील लागले होते. चकली मोडता मोडता माझ्या पुतण्याने जाहीर केले, की त्याला मोटारींच्या शर्यतीत उतरायचे आहे.

“हे काय नवे खूळ!” त्याची आई म्हणाली. माझा धाकटा भाऊ काहीच बोलला नाही; आखडलेला पाय त्याने सरळ करून ठेवला. पोराने मोर्चा माझ्याकडे वळविला.

“मोठे काका, जीव माझा आहे ना? मग तो पणाला लावायचा की नाही, हे मीच ठरवणार ना?”

प्रश्न सरळ होता. मला मात्र उत्तर सुचेना.

त्याच्या डोळ्यांसमोर आहे मुंबईचा जेहान दारूवाला. १९९८ साली जन्मलेला हा मुलगा २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाच्या निवड स्पर्धेतून पुढे आला. ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. २०२२ साली त्याने चाचणीसाठी मॅकलारेनची फॉर्म्युला वन गाडीही चालविली. पण त्या शर्यतीत तेव्हा साऱ्या जगाला मिळून जागा होत्या वीस, आणि त्यांतली एकही त्याला मिळाली नाही. पुढे तो विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई शर्यतींत उतरला. पुतण्याला त्याचा वेग दिसतो. मला दिसतात ती एका अरुंद दारापाशी घालविलेली वर्षे.

पण प्रश्न होता जिवाच्या मालकीचा. शर्यतीत चालक खरोखर स्वतःचाच जीव पणाला लावतो काय? ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये ले मां येथे एक गाडी आदळून तिचे जळते तुकडे प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यांनी तिकीट काढले होते ते पाहण्याचे, मरण्याचे नव्हे.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो. कारखान्यात नट आवळण्यात जन्म घालविलेल्या मला ती विसरता येत नाही. १९६६ साली बेल्जियममध्ये स्पा येथे भर पावसात जॅकी स्टुअर्टची गाडी रस्ता सोडून गेली. तो आत अडकला आणि अंगावर पेट्रोल गळू लागले. स्टिअरिंग काढल्याशिवाय त्याला बाहेर घेता येईना, आणि जवळ पाना नाही! दोघा सहस्पर्धकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला. पुढे स्टुअर्ट गाडीतच पाना चिकटवून ठेवू लागला. पट्टे हवेत, कठडे हवेत, डॉक्टर हवेत, असा त्याने धोशा लावला. काहींनी त्याला भित्रा ठरविले. या ‘भित्र्या’ने तीनदा जगज्जेतेपद मिळविले.

त्या धोशाची फळे आजही मिळतात. दारूवालाच्या विजयाच्या अवघा एक आठवडा आधी, त्याच बहारीनच्या मैदानावर रोमां ग्रोजाँची गाडी कठडा फोडून दुभंगली व पेटली. सुमारे अर्ध्या मिनिटाने तो ज्वाळांतून बाहेर आला. हात भाजले, पण जगला. डोक्याभोवतीच्या धातूच्या कड्याने त्याला वाचविले. ते कडे २०१८ पासून सक्तीचे आहे. दारूवालाच्या गाडीवरही ते होते.

इतके सांगून मी थांबलो. पुतण्या म्हणाला, “म्हणजे काका, तुमचा होकार आहे?”

तेव्हा मला ते सांगावे लागले, जे तीस वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. १९९१ साली माझ्याकडे पहिली मोटारसायकल आली. भाऊ तेव्हा सतरा वर्षांचा. कामाच्या शोधात गावाकडून नुकताच माझ्याकडे आलेला. एका संध्याकाळी नगर रस्त्यावर एका सोबत्याशी माझी पैज लागली: शहराच्या नाक्यावर जो मागाहून पोचेल, त्याने चहा पाजायचा. भाऊ मागे बसला होता. त्याला मी विचारले नाही. तो एकदाच म्हणाला, “दादा, हळू.” ते मला ऐकू आले होते. पुढे टेम्पो वळला. मी खरचटण्यावर सुटलो. त्याचा गुडघा कायमचा गेला. गावी जाऊन आईला त्याने सांगितले, “कुत्रे आडवे आले.”

मैदानावरच्या चालकाला धोका ठाऊक असतो. रस्ता बंद केलेला असतो आणि कठड्यापाशी डॉक्टर उभा असतो. मी कशाचीच तजवीज केली नव्हती, आणि पणाला लावला तो दुसऱ्याचा पाय. त्याला मी त्या वेळी धाडस म्हणत होतो.

“शर्यतीत उतर,” मी पुतण्याला म्हटले, “पण मैदानावर. आणि आधी या दोघांना विचार. ती ‘नको’ म्हणाली, तर का म्हणतात ते बसून ऐक. तुझा जीव तुझा खरा. पण तुला काही झाले, तर पुढची वर्षे त्यांना काढायची आहेत.”

पोर बापाकडे पाहत राहिले. “बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत!”

भावाने गुडघ्यावरून हात फिरविला. मला वाटले, आता तरी तो रागावेल. रागावला असता, तर बरे वाटले असते.

“दादा,” तो म्हणाला, “तो चहा मात्र राहिलाच बघ.”

मी उठलो आणि स्वतःच चुलीवर आधण ठेवले.